पहिली वेलांटी

छापखान्यात त्यांना ‘अनुस्वार’ म्हणायचे. सगळ्यांच्या डोक्यावर बसतो म्हणून. मुद्रितं तपासण्यात छत्तीस वर्षं गेली, लाल पेन्सिलींची किती थोटकं झाली त्याला सुमार नाही. चुकलं की खोडायचं, समासात बरोबर लिहायचं. आणि खोडलेलंच अक्षर परत हवं असेल, तर त्याच्याखाली टिंबं देऊन समासात लिहायचं, ‘राहू द्या’. ही शेवटची खूण त्यांनी फारशी कधी वापरली नाही. आपण खोडलेलं परत ठेवायची वेळ यावी, एवढी चूक त्यांच्या हातून होतच नसे. निदान त्यांचा तसा समज होता.

निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा आधी सुधारायचे, मग औषध घ्यायचे.

अशा माणसापुढे मुलीनं नातीच्या जन्मनोंदणीचा अर्ज ठेवला. “बाबा, तुमचं अक्षर चांगलं. तुम्हीच भरा. एकला कचेरीतली खिडकी बंद होते.”

नाव ठरलेलं होतं. मुलीच्या आईच्या मनातलं, पाण्यात उमलणाऱ्या फुलाचं. आई जाऊन वर्ष झालेलं, त्यामुळे नावावर कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आजोबांनी पेनाचं टोपण काढलं, ‘न’ लिहिला, तोच मुलगी म्हणाली, “थांबा. ‘नि’ पहिली. पहिली वेलांटी घाला.”

“काय?” आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. “अगं, नीर म्हणजे पाणी. त्याचा ‘नी’ दीर्घच! उद्या शाळेत बाई विचारतील, हिच्या घरी शिकलेलं कुणी आहे की नाही?”

“हाक मारताना दोन्ही सारखंच ऐकू येतं हो,” बाळाला खांद्यावर थोपटत जावई म्हणाला.

“असं? मग लग्नपत्रिकेत तुमचं नाव चुकलं होतं, तेव्हा का फुगून बसला होतात?”

जावयानं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सासऱ्यापुढे तोंड उघडणं म्हणजे आ बैल मला मार, हे तो लग्नातच शिकला होता.

“हल्ली ही फॅशनच निघालीय,” आजोबांना आता चांगलाच जोर चढला. “चारचौघांत वेगळं दिसावं म्हणून धडधडीत नावांचे हात-पाय मोडायचे. तुझंही तेच?”

मुलगी उठली. आत गेली आणि एक जुनं दुपटं घेऊन आली. धुऊन धुऊन विरलेलं नव्हतं ते. कधी वापरलंच नव्हतं. कोपऱ्यात तांबड्या दोऱ्यानं तेच नाव भरलं होतं, पहिल्या वेलांटीनं.

आजोबांनी ते ओळखलं. ही मुलगी तेव्हा दोन आठवड्यांची होती. शेजारणी बायकोच्या भरतकामाचं कौतुक करत होत्या. ते कामावरून आले, एक नजर टाकली, म्हणाले, “चुकलंय. उसव.” आणि हातपाय धुवायला गेले. बस्स, एवढंच. घरातल्या चिठ्ठ्यांवर तरी ते दुसरं काय करायचे? बायको ‘मिठ’, ‘दुध’ लिहायची, ते लाल पेन्सिलीनं दीर्घ करायचे. पुढे तिनं चिठ्ठ्या लिहिणंच सोडलं. सुधारली, असं वाटलं होतं त्यांना.

“नीट बघा,” मुलगी म्हणाली.

सवयीनं त्यांनी भिंग काढलं. अक्षरांचा दोरा एक होता आणि वेलांटीचा थोडा निराळा, जरा गडद. वेलांटी एकदा उसवली होती आणि पुन्हा जिथल्या तिथेच घातली होती.

“तुम्ही ‘चुकलंय’ म्हणालात बाबा. बरोबर काय, ते सांगितलंच नाहीत. आई चौथी शिकलेली. विचारायची लाज वाटली तिला. उसवली, विचार करत बसली, आणि दुसरं काही सुचेना म्हणून होती तशीच परत घातली. मग दुपटं ट्रंकेत तळाशी टाकलं.”

“मला वाटलं, नावाबद्दल तिचं मन बदललं.”

“माझं नाव लिहा बरं इथं.”

त्यांनी जुन्या पाकिटावर लिहिलं. अर्थ त्याच फुलाचा. तीन सरळसोट अक्षरं. ना काना, ना मात्रा, ना वेलांटी. तेहतीस वर्षं ते हे नाव लिहीत होते आणि एकदाही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

“आई म्हणायची, असं नाव ठेवलं की चुकायला जागाच नाही,” मुलगी म्हणाली.

आजोबांनी पाकीट उलटं ठेवलं. जगाच्या चुका काढल्या आणि घरातलं माणूस आपल्या भीतीनं अक्षर विसरलं. लाज वाटली त्यांना, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी अर्जातल्या ‘न’च्या अलीकडे पहिली वेलांटी काढली, उरलेलं नाव लिहिलं आणि चपला घातल्या.

खिडकीशी रांग छोटी होती. आतल्या कारकूनबाईंनी अर्ज वाचता वाचता पेन उचललं आणि वेलांटीवर फुली मारली. “आजोबा, ही दुसरी हवी ना? घाईत चुकली वाटतं. मी करते दुरुस्त.”

“द्या इकडे,” आजोबा म्हणाले.

त्यांनी वेलांटीखाली तीन टिंबं दिली, समासात दोन शब्द लिहिले आणि सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं अक्षर वाकडं आलं.

“अहो, पण हे व्याकरणाच्या दृष्टीनं...”

“माहीत आहे हो मला. तेहतीस वर्षांपूर्वी लिहायचं राहिलं ते.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तेवढं राहू द्या, बाई.”