चंपतरावाची मिशी

चंद्रभानने टॉवेल बाजूला केला आणि सलूनचा मालक रुपराव हातातल्या ब्रशसकट धावत आला. दुसऱ्या खुर्चीत चंपतराव मान टाकून घोरत होता, आणि त्याच्या नाकाखाली काहीच नव्हतं!

"अबे चंद्रभान," तो दबक्या आवाजात म्हणाला, "याची मिशी कुठं गेली बे?"

"तुम्हीच तं सांगतलं मालक, दुसऱ्या खुर्चीवर सफाचट."

सांगितलं होतं खरं. पण ते बँकेतल्या एका फॅशनवाल्या पोरासाठी! पोरगा पान खायला म्हणून उठला, खुर्ची रिकामी दिसली, आणि रविवारच्या गर्दीत रुपरावाने चंपतरावाला तिथे बसवलं. घाईघाईत साबणाचा ब्रश थेट नाकापर्यंत फिरवला आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. चंद्रभान नवा माणूस, त्याने चंपतरावाला कधी पाहिलेलंही नव्हतं.

ही नवी पद्धत रुपरावाचीच. हिंगण्याच्या कारखान्यात एकदा त्याने पाहिलं, एक जण नट बसवतो, दुसरा आवळतो, माल भराभर पुढे सरकतो. झालं! नंदनवन वस्तीतल्या सलूनमध्ये दुसऱ्याच दिवसापासून साबण मालकाचा, वस्तरा चंद्रभानचा, कात्री मार्तंडची. मार्तंड जुना कारागीर. "मालक, माह्या गिऱ्हाइकाले दुसऱ्याचा हात कायले?" एवढंच तो म्हणाला होता. रुपरावाने त्याला उडवून लावलं होतं.

आता मार्तंड कात्री हातात धरून नुसता बघत होता. चंपतरावाची दाढी वर्षानुवर्षं त्यानेच केलेली. चंपतरावाची आई गेली तेव्हा ती मिशी उतरली होती, त्यानंतर तिला वस्तरा लागला नव्हता. म्हणजे आता ती उतरायला एकच कारण उरलं होतं, आणि ते कारण घरी ओसरीवर शेंगा सोलत बसलेलं होतं.

चंपतराव जागा झाला. रात्रपाळी करून आलेला बिचारा, डोळे चोळत आरशात पाहिलं आणि हात ओठावर गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाबा जिवंत आहेत गा," तो हळूच म्हणाला.

मार्तंडने ट्रान्झिस्टर बंद केला. बाकावरची गिऱ्हाइकं खाली पाहू लागली. घाबरलेला मालक करतो तेच रुपरावाने केलं.

"चंद्रभान, चालता हो! उद्यापासून तोंड दाखवू नको!"

 चंद्रभानने वस्तरा पुसून ठेवला आणि तो पायरीवर चपला शोधू लागला.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या प्रयागबाईने दारातून आत डोकावलं. चंपतरावाची शेजारीण. तिने पिशवी तिथेच टाकली. "अगं माय वं! कवा गेले गा मनोहरराव?" आणि कोणी काही सांगायच्या आत गळा काढून घराकडे पळत सुटली.

आता बोला! रुपराव मटकन बाकावर बसला. वस्तीत तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.

थोड्या वेळाने काठी टेकत एक झुपकेदार मिशीचा म्हातारा आला. मागे प्रयागबाई, पदर तोंडात कोंबलेला. ज्याच्यासाठी ती रडली होती तोच मनोहरराव!

"हे म्हणते मी मेलो," म्हातारा पायरी चढत म्हणाला. मग लेकाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.  "माह्याच नावानं काढली काय गा?"

"झोप लागली बाबा. कळलंच नाही."

"चूक चंद्रभानची…" रुपराव म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. "नाही काका. खुर्ची मी बदलवली, साबण मी लावला. हे सारं डोकं माहंच. त्याले मी उगाच हाकललं."

लेकाला उठवून म्हातारा त्याच दुसऱ्या खुर्चीत बसला आणि काठी मांडीवर आडवी घेतली. "मंग बलाव त्याले. ज्यानं याची काढली, त्यानंच माही काढावी. दोघं बाप-लेक सारखे दिसलो तं लोक फॅशन म्हणतील. कोणी इचारणार नाही कोण मेलं म्हणून."

"बाबा, नोका ना!" चंपतराव पुढे झाला.

"तू चूप बस."

रुपराव पायरीवर गेला. "ये गा भाऊ," तो चंद्रभानला म्हणाला. कारागिराला भाऊ म्हणायची त्याला सवय नव्हती. "माहं चुकलं. चल आत."

चंद्रभानने या वेळी ब्रशही स्वतःच घेतला. साबण लावायच्या आधी वाकून विचारलं, "आजोबा, काढू ना?"

"काढ."

पांढरे केस कापडावर पडले.  म्हाताऱ्याने आरशात पाहिलं, ओठावरून अंगठा फिरवला.

"माहा बाप गेला, तवा असाच दिसलो होतो मी."

चंपतरावाला आवरलं नाही. जिवंत बाप समोर बसलेला, आणि तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मार्तंडने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू दे त्याले," मनोहरराव आरशातूनच लेकाकडे पाहत म्हणाला. "रड बापू. मेल्यावर मले कुठं दिसते, आताच पाहू दे."

रस्त्यावर माणसं थबकून आत बघत होती. रुपराव पुढे झाला आणि त्याने दाराचा पडदा ओढून घेतला.