चित्राला पडलेली मतं

पंचायत समितीच्या सभापतीची निवडणूक होईपर्यंत पक्षाने आपले सदस्य दमणच्या एका हॉटेलात ठेवले होते, डालग्यात कोंबड्या ठेवाव्यात तसे. मोबाईलसुद्धा काढून घेतले होते. मतदानाच्या सकाळी गाडी मोखाड्याकडे निघाली आणि चहाला जव्हारला थांबली. तिथे तालुकाध्यक्ष रोहिदासने सदस्य चैतीच्या हातात पक्षादेश ठेवला. मधूच्या नावाला हात वर करायचा.

चैतीने कप खाली ठेवला. सूर्यमाळजवळच्या तिच्या पाड्यावर याच मधूने ठेका घेऊन पाण्याची टाकी बांधली होती. टाकीला पाइपच नव्हता. मधू सभापती झाला की काम पूर्ण असा शेरा पडणार, आणि मग कागदावर पाणी आलेल्या पाड्याला उन्हाळ्यात टँकर मिळणार नव्हता.

"या माणसाला मी हात वर करणार नाय, भाऊ."

"मग मेंबरकी जाईल."

"लोकांनी दिलीय. तुम्ही कोण काढणारे?"

रोहिदास हसला. "तुला कुठं दिलीय? पाड्यापाड्यांवर तूच सांगत फिरलीस ना, नाव शोधू नका, चित्र बघा आणि दाबा? त्यांनी चित्र दाबलं. चित्र पक्षाचं. कायदा पण तेच म्हणतो, ताई."

भिंतीभिंतीवर गेरूने चैतीनेच ते चित्र काढलं होतं. खाली आपलं नाव लिहायचं तिला सुचलंही नव्हतं.

"तिकीट मागताना पक्ष गोड होता," मागून मधू म्हणाला. "आता कडू लागतो?"

"मधूच का, हे आमच्यापैकी कुणाला विचारलंत?" तिने रोहिदासला विचारलं.

"वरून ठरलं."

"वर म्हणजे कुठं?"

"गाडीत बस."

मोखाड्याच्या सभागृहात मधूच्या नावाला हात वर झाले. चैतीचा हात मांडीवरच राहिला. समोरच्या पक्षाच्या नीताचं नाव आलं तेव्हा तो वर गेला, आणि नीता एका मताने निवडून आली.

"कलेक्टरकडे अर्ज टाकतोच," रोहिदास जिन्यात तिच्या कानाशी म्हणाला. "घरी बस आता, नाचणी दळत."

चैती नीताकडे गेली. टाकीचं नाव काढताच नीता गळ्यातला हार काढत म्हणाली, "बाई, तू आमच्या पक्षाची नाहीस. आमच्या लोकांना विचारावं लागेल."

पाड्यावर जाऊबाई रखमीने तर तोंडावरच सुनावलं, "घालवलीस ना मेंबरकी? आता टँकरला फोन कोण करील, तुझं ते चित्र?"

चैती जेवली नाही. सकाळी पहिल्या जीपने ती मोखाड्याला उतरली आणि पाणीपुरवठ्याच्या साहेबासमोर खुर्ची ओढून बसली.

"तुमचं पद जाणार असं ऐकलं," साहेब मान वर न करता म्हणाला.

"गेलं का?"

"अजून नाही. निकाल लागायला वेळ लागतो."

"मग तोवर मी मेंबर आहे. गाडी काढा, साहेब. टाकी बघायला जायचंय."