पक्कं पाणी

सुमतीबाईंनी कणकेचा गोळा अंगठ्यानं बंबाच्या बुडाशी दाबला आणि श्वास रोखून पाहिलं. गळती थांबली. त्या "झालं की!" म्हणतात तोच गोळा सुटून राखेत पडला आणि वरून आलेल्या पाण्यानं धगधगता विस्तव फुस्स झाला. धुराचा लोट थेट स्वयंपाकघरात शिरला. आत सून रिंकू खोकायला लागली, ती थांबेचना.

दुपारी शिनोलीहून नळाची कामं करणारा गोकुळ आला. त्यानं बंब उलटा केला, आत टॉर्च मारला आणि मान हलवली.

"आजी, बूडच गेलंय. डाग लावायला जागा न्हाई राहिली. म्हाताऱ्याला किती टाके घालायचे?"

"म्हातारं झालं की टाकून द्यायचं, असंच ना रे?"

"आवो, तुमाला कोन टाकतंय! बंबाचं म्हनतोय मी."

मुलगा संयम तयारीतच होता. घोडेगावच्या पेठेतल्या आपल्या किराणा दुकानात बसून त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं. मंचरला एक बंगला पाडणार होते, तिथला चांगला चालता सोलर निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. बंबाचं तांबं मोडीत घातलं की पाइप आणि गोकुळची मजुरी सुटत होती. पुन्हा लाकडं नकोत, धूर नको. रिंकूचा चेहरा असा खुलला की सुमतीबाईंना बोलणं जड झालं. पण मनातलं गिळून बसतील त्या सुमतीबाई कसल्या!

"आणि महासतीजींना पाणी कुठलं द्यायचं?"

महासतीजी म्हणजे गावोगाव पायी विहार करणाऱ्या जैन साध्वी, त्या कच्चं पाणी घेत नाहीत. त्यांना उकळलेलं, पक्कं पाणी लागतं. तेही खास त्यांच्यासाठी उकळलेलं चालत नाही, घरानं स्वतःसाठी उकळलं असेल त्यातलंच द्यायचं. या घरात रोज सकाळी अंघोळीसाठी बंब खळखळा उकळायचा, त्यामुळे कधी विचार करावा लागला नव्हता. सुमतीबाई या घरात आल्याला बावन्न वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत एकही साध्वी या दारातून पाण्यावाचून परत गेली नव्हती. सुमतीबाईंना संसारात अभिमान होता तो एवढ्याच गोष्टीचा.

"त्या आल्या की गॅसवर उकळू ना," संयम म्हणाला.

"म्हणजे त्यांच्यासाठीच उकळलं की! शिकून शहाणा झालास, एवढंही कळू नये?"

"तू पितेस की पक्कं पाणी."

"मी पिते एक तांब्या. तो तिघीचौघींना घोट घोट वाटू?"

आत रिंकू पुन्हा खोकली. इकडे आड, तिकडे विहीर. सुमतीबाईंनी पदरानं हाताची राख पुसली.

"बसवा बाबा तुमचा सोलर. पोरीची छाती काळी करून मिळालेलं पुण्य घेऊन मी काय करू?"

चार दिवसांत गच्चीवर सोलर बसला. खोटं कशाला सांगा, पहिल्याच अंघोळीला सुमतीबाईंच्या गुडघ्यांना बरं वाटलं. तसं त्यांनी गोकुळला सांगितलंही. मागच्या अंगणात बंबाची जागा मात्र त्यांनी रोज झाडली, कचरा नसला तरी.

पौषात, साध्वी मुक्कामाला उतरतात त्या जैन स्थानकातून निरोप आला. मंचरकडून तीन महासतीजी येताहेत, एक दिवस थांबून पुढं जुन्नरला जाणार. सुमतीबाईंचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्यांनी ठरवलं, आपला तांब्या द्यायचा, त्याच्या बदली पुन्हा उकळायचं नाही आणि आपण त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत पाणी प्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघी दारात आल्या. सुमतीबाईंनी हात जोडले आणि तांब्या पुढं केला. वडीलधाऱ्या साध्वींनी आत डोकावून पाहिलं.

"बाई, हे तर तुमचं पिण्याचं. हे घेतलं तर तुम्ही काय पिणार?"

"मला तहानच नसते थंडीत."

साध्वी हसल्या आणि पात्र मागं घेतलं. बावन्न वर्षं! तेवढ्यात मागून रिंकू स्टीलची भरलेली कळशी कमरेवर घेऊन आली.

"महासतीजी, हे पक्कं आहे."

सुमतीबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. या पोरीनं उकळलं वाटतं! चांगल्या मनानं केलं असेल, पण दोष तो दोषच.

"कोणासाठी उकळलंय?" साध्वींनी विचारलं.

"आमच्यासाठी. मी आणि हे, दोघंही आता हेच पितो. सोलर लागला त्या दिवसापासून. त्याचं गरम पाणी घेतलं की गॅसवर पटकन उकळतं. आई सामायिकाच्या जपाला बसतात तेवढ्यात होऊन जातं."

"मनापासून पिता?"

रिंकूनं क्षणभर सासूकडे पाहिलं.

"पहिले आठ दिवस आईंसाठी प्यायले. खरं सांगते, चव काही बरी नव्हती. आता कच्चं पाणी नको वाटतं."

साध्वींनी पात्र पुढं केलं. रिंकूनं कळशी सुमतीबाईंच्या हातात दिली. ओतायच्या घाईत थोडं पाणी उंबऱ्यावर सांडलं. दोन पात्रं भरली, तिसरं भरलं, तरी त्या ओततच होत्या. "बस, बस," म्हणत साध्वींनी पात्र झाकलं.

त्या गेल्यावर सुमतीबाई कोपऱ्यात वळून नाक पुसत राहिल्या.

"आधी सांगायचं नाही का गं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, माझ्यासाठी कशाला."

"म्हणालेच असते."

रिकामी कळशी घेऊन रिंकू गॅसपाशी गेली. तिचा हात बटणावर गेला आणि तिथंच थांबला.

"आता पुन्हा नाही ना उकळायचं? ते त्यांच्यामुळेच झाल्यासारखं होईल."

सुमतीबाईंनी आपला भरलेला तांब्या उचलून तिच्यापुढं ठेवला.

दुपारी संयम दुकानातली पोती उतरवून घामाघूम होऊन आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "पाणी दे गं."

रिंकूनं सासूच्या तांब्यातलं अर्धा पेला पाणी आणून दिलं.

"एवढंच?"

"आज एवढंच. सकाळी महासतीजी येऊन गेल्या."

संयमनं एकदा आईकडे पाहिलं. दोन घोट घेतले आणि उरलेला पेला आईपुढं सरकवला.