काळ्या पट्ट्याचं खोगीर

हार्लन दुबिन्स्कीने बर्फ ढकलायचं पातं उचलायला उरलेला काळा पट्टा घेतला, तो आडव्या तुळईवरून टाकला आणि ओढला. पातं वीतभर वर आलं आणि परत खाली पडलं. आवाज झाला तो पात्याचा. पट्टा तुटल्याचा आवाज आलाच नाही.

त्याने तुटलेलं टोक हातात घेतलं. पट्टा तुटतो तेव्हा धागे ताणले जातात, पिंजतात, शेपटीसारखे लोंबतात. चाळीस वर्षं ट्रकची आसनं शिवलेल्या माणसाला हे सांगायला नको. हे टोक मात्र जुन्या पुठ्ठ्यासारखं सरळ तुटलं होतं. नखाने खरवडलं तर भुकटी पडली. पट्टा दिसायला मात्र नवाकोरा होता, काळाभोर आणि चकचकीत.

हार्लन गॅरेजच्या मागच्या फळीकडे गेला. पट्ट्याचं भेंडोळं वसंतापासून तिथेच ठेवलेलं असायचं. त्याच्या शेजारी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी होती. बॅटरीतून गळलेल्या आम्लाने तळाशी लाकूड पांढरं पडून फुगलं होतं आणि तो डाग सरकत सरकत भेंडोळ्याखाली गेला होता.

त्याने डागाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. दहाला पाच मिनिटं होती. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, शनिवार. ऑरिन पहाटेपासून झाडावर असणार, आणि तो याच पट्ट्याला लटकलेला असणार.

ऑरिन गार्व्हर त्याचा तीस वर्षांपासूनचा शेजारी. हरणाच्या मागे धनुष्य घेऊन हिंडणारा आणि पैसे टाकून काही विकत घ्यायचं जिवावर येणारा. झाडावर बसायचं खोगीर त्याने स्वतःच मोटारीच्या जुन्या पट्ट्यांतून शिवलं होतं. कमरेखाली रुंद पट्टी, दोन्ही बाजूंना पट्टा दुमडून शिवलेला एकेक कान, दोन कानांमध्ये पोटासमोरून जाणारी छोटी दोरी, आणि ती दोरी कडीने झाडाच्या दोराला अडकवलेली. पाय ठेवायला बुंध्याला बांधलेली वीतभर फळी. त्यात रेलून माणूस दिवसभर वाट पाहू शकतो, जर खोगीर नीट असेल तर. ऑरिनचं नव्हतं. तासाभरात कमरेला चिमटा बसायचा, मांड्यांना मुंग्या यायच्या.

"खुर्चीत बसल्यासारखं करून दे गड्या," सप्टेंबरात तो म्हणाला होता, "नाहीतर यंदा हरणाऐवजी माझंच कंबरडं मोडेल."

हार्लनने खालून दुसरी रुंद पट्टी जोडली, आत फोम घातला, पाठीला टेकू केला. ऑरिन हसला होता, "ही तर नुसती खोगीरभरती." पण बसून पाहिल्यावर गप्प झाला. बाजूचे जुने कान हार्लनला विटल्यासारखे वाटले, म्हणून ते त्याने उसवून टाकले आणि नवे लावले. या भेंडोळ्यातले. तुळईला टांगून, मिठाची चार पोती लादून तपासलेही होते. तेव्हा ते टिकले. पण आम्लाला घाई नसते.

त्याच आठवड्यात असंच दुसरं खोगीर त्याने स्वतःच्या मुलीला, कोरीनला, शिवून दिलं होतं.

कोरीनचा ट्रक अंगणात आला तेव्हा हार्लन दारातच उभा होता. ती विजेच्या तारांवर काम करायची. रात्रपाळी लांबली म्हणूनच ती अजून जंगलात गेली नव्हती.

"पॉप, काय झालं? तोंड असं का?"

"तुझं खोगीर आण."

"जेवून जाणार आहे मी आता. आधी..."

"आण म्हणतो ना."

तिने मागच्या सीटवरून ते आणलं. हार्लनने एक कान खिळ्याला अडकवला, दुसऱ्यात हात घालून अंगाचा भार टाकला. कान सुटून त्याच्या हातात आला. टाके तसेच शाबूत होते, त्यांच्या शेजारचा पट्टाच फाटला होता.

कोरीनने तो कान त्याच्या हातातून घेऊन खिशात घातला. ती गेल्या रविवारी याच खोगिरात पाच तास बसली होती, वीस फुटांवर.

"ऑरिन काका कुठल्या झाडावर आहेत?" तिने विचारलं.

"खिंडीतल्या ओकवर. कालच सांगत होता, मोठा नर फिरतोय तिथे."

"फोन?"

"तिथे लागत नाही. आणि लागला तरी तो बंद करून बसतो."

ती ट्रकमध्ये बसलीसुद्धा होती.

खिंडीपर्यंत गाडीने वीस मिनिटं, पुढे पायी. पानं गळून गेली होती आणि प्रत्येक पाऊल चुरचुरत होतं. कोरीनने खांद्यावर कामावरचा, खांबावर चढायचा पट्टा आणि दोर टाकला होता. हार्लनला दम लागला होता, पण तो थांबत नव्हता. ऑरिन सकाळपासून किती वेळा रेलला असेल, किती वेळा वळला असेल, हेच त्याच्या डोक्यात चाललं होतं. हरीण डावीकडून आलं की उजव्या कानावर सगळा भार पडतो. त्यानेच ऑरिनला तसं वळायला शिकवलं होतं.

वाटेत त्यांना ऑरिनची गाडी दिसली. काचेवर दव सुकलं होतं. आत कोणी नव्हतं.

"हाक मारू?" कोरीनने हळूच विचारलं.

"नको. दचकून वळला तर?"

शेवटच्या चढावर गेल्यावर ओक दिसला. ऑरिन वर होता. वीस फूट उंचावर, पाय फळीवर, अंग मागे टाकलेलं, आरामात. माणूस इतका सुखात बसला होता.

ऑरिननेही त्यांना पाहिलं. त्याने रागाने हात हलवला, जा म्हणून. मग बोटाने उताराकडे दाखवलं. खाली झुडपांत काहीतरी हललं. तपकिरी पाठ, वर पांढऱ्या टोकांची शिंगं. ऑरिनने धनुष्य उचललं.

"ऑरिन," हार्लन म्हणाला. मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल असं. "झाडाला मिठी मार."

हरीण उधळलं. पांढरी शेपटी दोनदा चमकली आणि खिंडीत पुन्हा सगळं शांत झालं.

"तुझं डोकं फिरलंय का रे?" ऑरिन वरून म्हणाला. "तीन आठवडे. तीन आठवडे त्याची वाट बघतोय मी."

"मिठी मार. दोन्ही हातांनी. मागे रेलू नकोस."

"काय?" त्याला एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि तीच बाजू त्यांच्याकडे होती. नीट ऐकावं म्हणून तो आणखी मागे झुकला.

कोरीन पुढे आली. तिने आपल्या खोगिराचा तुटलेला कान काठीच्या टोकाला अडकवला आणि वर धरला. मग दुसऱ्या हाताने आधी त्या कानाकडे आणि मग त्याच्या कमरेकडे बोट केलं.

ऑरिनने ते पाहिलं. त्याने धनुष्य सोडून दिलं. ते फांद्यांवर आपटत खाली आलं. मग त्याने एकेक इंच अंग पुढे आणलं आणि बुंध्याला कवटाळलं. गाल सालीवर दाबला.

"तसाच राहा काका, मी येते," कोरीन म्हणाली.

ती कामावरचा पट्टा बुंध्याभोवती टाकत, ऑरिनने झाडाला बांधलेल्या पायऱ्या चढू लागली. हार्लन खाली उभा होता. त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. त्याने शिवलेलं वर होतं आणि आता त्याच्या हाताच्या बाहेर होतं.

"पायांना मुंग्या आल्यात," ऑरिन बारीक आवाजात म्हणाला.

"येऊ दे," हार्लन म्हणाला. "तू फक्त धरून राहा."

कोरीन त्याच्या दोन पायऱ्या खाली असताना ऑरिनचा उजवा पाय फळीवरून घसरला. क्षणभरच त्याचा भार खोगिरावर गेला असेल. उजवा कान सुटला. तोही आवाज न करता. खोगीर एका बाजूला लोंबलं आणि ऑरिन बुंध्यावरून घसरत खाली आला, हातांनी कवटाळत, गालाने साल खरवडत. कोरीनने खांदा त्याच्या बुडाखाली घातला आणि त्याला बुंध्यावर दाबलं.

"आता हलू नका," ती म्हणाली, आणि एका हाताने आपला दुसरा दोर त्याच्या काखेखालून फिरवला. कडी अडकल्याचा आवाज आला. तो आवाज हार्लनने नीट ऐकला.

खाली यायला त्यांना अर्धा तास लागला. ऑरिन पानांत बसला. तळहातांची सालं निघाली होती, एक गाल रक्ताळला होता. पुढे डॉक्टरने दोन बरगड्याही मोडल्याचं सांगितलं. हार्लनने ऑरिनच्याच थर्मासमधली कॉफी ओतून दिली, पण ऑरिनला कप धरता येईना. तो हार्लननेच त्याच्या ओठाला लावला.

"बॅटरी होती," हार्लन म्हणाला. "शेजारी ठेवली होती मी. मीच."

ऑरिनने घोट घेतला. "बसायला मात्र झकास होतं," तो म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण बरगडीने हसू दिलं नाही. मग तो दुसरीकडे पाहू लागला. घरी पोचेपर्यंत तो हार्लनशी पुन्हा बोलला नाही.

ट्रकजवळ कोरीनने दोर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "पॉप, भेंडोळं केवढं होतं?"

"पन्नास हात."

"माझ्यात किती गेला? काकांच्यात किती?"

हार्लनने मनात हिशोब केला. तो पुन्हा केला. मग ट्रकच्या दाराला धरून उभा राहिला.

"फायर स्टेशनच्या सप्टेंबरातल्या गावजेवणाला एक माणूस भेटला होता," तो म्हणाला. "खोगीर शिवतोय म्हणाला, बाजूचे कान कशाचे करू विचारत होता. भेंडोळं तेव्हा गाडीतच होतं, त्यातून मी दहा-बारा हात कापून दिला. असाच. पैसेही घेतले नाहीत."

"कोण माणूस?"

"नाव नाही विचारलं. तरुण होता. बायको पोटुशी होती बरोबर. कोबीच्या पानात खिमा भरलेले हलुपके वाढताना तिला दोन जास्त घातले मी."

कोरीनने डोळे मिटले आणि उघडले. "गाडी कुठली?"

"नाही पाहिली."

त्याच दुपारी हार्लनने जाड अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या. काळा पट्टा, खोगीर, चढू नका, लगेच फोन करा. खाली फाडून न्यायला कागदाला कात्रीने बारीक झालरी कापल्या आणि प्रत्येक झालरीवर आपला नंबर घातला. पशुखाद्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या हॉलमध्ये, आसपासच्या चार गावांत त्या लावल्या. फायर स्टेशनमध्ये ज्याला त्याला विचारलं. तसं जोडपं कुणालाच आठवत नव्हतं.

शिकारीचा हंगाम चालू राहिला. पहाटे डोंगरात गाड्यांचे दिवे सरकताना दिसायचे. गावात फायर स्टेशनचा भोंगा वाजला की हार्लन जेवता जेवता उठून उभा राहायचा. तो रोज सकाळी चिठ्ठ्या पाहून यायचा. झालरी जशाच्या तशा असायच्या.

तिसऱ्या आठवड्यात पशुखाद्याच्या दुकानातल्या चिठ्ठीची एक झालर फाडून नेलेली दिसली. दुकानदाराला कोणी नेली ते माहीत नव्हतं. हार्लन घरी आला, फोनशेजारी खुर्ची ओढून बसला. दुपार झाली, कोरीनने सूप आणून ठेवलं ते निवलं. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.