शिंप्याची कंबर

गल्लीतल्या निम्म्या पुरुषांच्या कमरा शिंप्याला तोंडपाठ होत्या. स्वतःची तेवढी ठाऊक नव्हती. पँट काचायला लागली की तो ती उसवायचा, शिवणीत राखलेली जादा कापडाची माया अर्धा बोट सोडायचा आणि पुन्हा टीप मारायचा. वर्षं सरली, पोट वाढलं, पँट मात्र कधी घट्ट राहिलीच नाही.

शेवटी टेप लावली ती डॉक्टरबाईंनी.

"बेचाळीस इंच. रक्तदाब वर, चरबी वर, साखर उंबरठ्यावर. अजून आत आलेली नाही. रोज चाला, गोड सोडा. तीन महिन्यांनी बघू."

शिंप्याचा हात डोळ्यांकडे गेला. साखरेनं थोरल्या भावाचे डोळे नेले होते. तोही शिंपीच. आता खिडकीशी बसून मशीनचा आवाज ऐकतो आणि म्हणतो, "टीप सैल पडतेय रे."

घरी बायकोनं कात्री घेतली आणि नवऱ्याच्या तिन्ही पँटमधली उरलीसुरली माया कचाकच कापून टाकली.

"अगं, आता घट्ट झाली म्हणजे?"

"म्हणजे चालायचं."

"दिवसभर मशीनवर असतो, चालू कधी?"

"उजाडल्यावर. मशीन काही पळून जात नाही."

पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंतच धाप लागली. पंधरवड्यात गल्लीबाहेरच्या पुलापर्यंत पोचला. कापायचं टेबल त्यानं विटा लावून उंच केलं, उभ्यानं कापू लागला. इस्त्री दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेली. बिनसाखरेच्या चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाला, "हे सुया उकळलेलं पाणी आहे."

"प्या, धार येईल," बायको म्हणाली.

एकदा गिऱ्हाइकानं केक आणला. त्यानं चार तुकडे खाल्ले, आणि दुसऱ्या सकाळी कुणाला न सांगता पुलाच्या दोन फेऱ्या मारल्या.

तीन महिन्यांनी डॉक्टरबाई म्हणाल्या, "चाळीस. साखर उतरलीय. रक्तदाब अजून हट्टी आहे."

"आणि डोळे?"

"ठणठणीत. चालणं सोडलंत तर मात्र माझी हमी नाही."

घरी येऊन तो भावापाशी बसला. "दादा, साखर उतरली."

भाऊ म्हणाला, "मला वेळेवर कुणी मोजलंच नाही रे." आणि उठून भिंत चाचपत चपला शोधू लागला.

"कुठं निघालास?"

"उद्या तुझ्याबरोबर. चपला आत्ताच हाताशी ठेवतो. पाय तर धड आहेत ना माझे?"