चक्र मुरेपर्यंत चहा

दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधल्या टेबलावर बुटाच्या खोक्याएवढा गेमिंगचा संगणक आणि त्यामागे स्वतःला ‘वेगगुरू’ म्हणवणारे दुकानाचे मालक. पडद्यावर त्यातल्या एसएसडीच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या भागाच्या, वेगाचा आकडा पार रसातळाला गेला होता.

“पाहिलंत? ऊर्जा अडलीय!” गुरूंनी संगणक बंद केला, एसएसडीवर तांब्याचं चक्र चिकटवलं. “आता हे मुरू द्या. तोवर चहा घ्या.”

चहा झाला, पुन्हा चाचणी लागली आणि आकडा तिप्पट! टाळ्यांचा कडकडाट झाला. दुकानात चाचण्या घेणारी तरुणी मात्र मान खाली घालून उभी होती. सकाळपासून लागोपाठ चाचण्या लावून तिनेच तो संगणकाचा डबा तापवून ठेवला होता. एसएसडी फार तापली की जीव वाचवायला वेग कमी करते. पण नोकरी सांभाळायची म्हणून ती हे कुणाला सांगत नव्हती.

तेवढ्यात तिची मावशी आपला संगणक छातीशी धरून पुढे आली. “मलाही चक्र लावा. आणि तो पंखा काढाच, फार घोंघावतो.”

“पंखा हवाच कशाला? चक्र उष्णता पिऊन टाकतं!”

भाचीने मावशीच्या संगणकावर हात ठेवला. मावशी आणि काका मिळून खेळलेल्या खेळांचं चित्रण त्यातच होतं. काका गेले, त्यांचं हसणं तेवढं तिथे उरलं होतं. दुसरी प्रत नव्हती.

“मावशी, नको गं.”

“अगं, चाचणी तू घेतेस, म्हणून तर डोळे मिटून आले!”

ते तिच्या जिव्हारी लागलं. तिने दुकानाचा संगणक बंद केला आणि चक्र ओरबाडून काढलं. “मंडळी, आणखी एकदा चहा घ्या.”

“हा काय चावटपणा?” गुरू गरजले.

“तुमचीच पद्धत, मालक. फक्त चक्र नाही.”

कप रिकामे झाले. चाचणी लागली. आकडा पुन्हा तेवढाच, तिप्पट!

“म्हणजे चमत्कार चहाचा?” मागून कुणीतरी विचारलं.

“डबा थंड होण्याचा. तापवत मी होते. पंखा काढला असता, तर आतलं सगळं भाजून निघालं असतं.”

“चालती हो!” गुरू ओरडले. तिने मावशीचा संगणक उचलला.

“आधी ज्यांनी चक्रं नेली, त्यांना का नाही सांगितलंस?” मावशीने हळूच विचारलं.

तिचे डोळे भरून आले. “चुकलं माझं. आता एकेकाला गाठून सांगते.” मग ती गर्दीकडे वळली. “आणि तुम्ही एवढंच करा. कुणी चक्र दाखवलं, की म्हणा, ते काढून पुन्हा करून दाखव. समोर सख्खी भाची असली तरी म्हणा.”