चौथ्या नळीतली हजेरी

रूट कॅनाल झाल्याच्या नवव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, इंदुमतीबाई कुराड्यांच्या वरच्या दाढेत शाळा भरली. आधी घंटा झाली, मग प्रार्थना, मग पाढे. बाईंनी जिभेनं दाढ चाचपली. ती गरम होती आणि हिरडीवर बोराएवढी सूज आली होती. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईंना याचं फारसं नवल वाटलं नाही. शाळा म्हटली की ती कुठे ना कुठे भरणारच.

संध्याकाळी गल्लीतली मुलं नेहमीसारखी पाढे म्हणायला ओसरीवर आली. त्यांनाही ते ऐकू गेलं.

"बाई, तुमच्या दाढेतली पोरं सतराच्या पाढ्यात चुकतात," गौतमी म्हणाली.

"चुकू देत. आपण जरा हळू म्हणू या. म्हणजे त्यांनाही सुधारता येईल."

मुलांनी हळू म्हटलं. दाढेतल्या मुलांनी सुधारून म्हटलं. फक्त एक बारीक आवाज मागे राहत होता. तो कुणाचा, हे बाईंनी ओळखलं. त्यांनी त्या दिवशी पाढे लवकर थांबवले.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टर नलवड्यांकडे गेल्या. बाहेरच्या बाकावर एक बाई मांडीवर फडक्यात बांधलेला डबा घेऊन बसली होती. ती कोंडाबाई होती, त्या बारीक आवाजाच्या शेवंताची आई. मधे अठ्ठावीस वर्षं गेली होती. कोंडाबाईचा एक केसही पिकला नव्हता.

"आलीया न्हवं बाई, माझी पोर?" तिनं विचारलं.

हाच प्रश्न तिनं तेव्हा वर्गाच्या दारात उभं राहून विचारला होता. त्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. पट भरलेला दिसावा म्हणून बाईंनी नावं न पुकारताच सगळ्या वर्गाची हजेरी मांडून टाकली होती. त्यांनी हजेरीपटावर बोट फिरवलं आणि सांगितलं, "आलीय. आत साहेब बसलेत, डबा सुट्टीत द्या." कोंडाबाई निर्धास्त होऊन बाहेर बसली. शेवंताला ओढ्यात शोधायला माणसं उतरली ती दिवस मावळताना.

आता गालाला हात लावून, दुखतंय असं दाखवून बाई आत गेल्या.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला.

"तीन नळ्या साफ करून भरल्यात. ही चौथी राहून गेली. फार बारीक असते, सापडत नाही. आत एक मुलगी बसलीय, बघा."

बाईंनी पाहिलं. मुळाच्या टोकाशी एक पांढरा बाक होता आणि त्यावर दोन वेण्या.

"तिच्यामुळेच पू होतोय. काढावी लागेल."

त्यांनी भरलेली दाढ पुन्हा उकरली, केसासारख्या सुया आत घातल्या, औषध ठेवून कच्चं सिमेंट लावलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा.

"उठत नाही," तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले. "म्हणते, बाईंनी हजेरी लावलीय, शाळा सुटेपर्यंत उठायचं नाही. शिस्त चांगली लावलीत तुम्ही."

दरम्यान बाईंचा जबडा आखडत चालला होता. पहिल्या खेपेला तोंडात तीन बोटं मावत होती, दुसऱ्या खेपेला दोन, आता जेमतेम एक. दवाखानाही त्याच मापानं अरुंद होत गेला. डॉक्टर आता आडवे होऊन खुर्चीपर्यंत येत होते. दर खेपेला जाता-येता कोंडाबाई तेच विचारत होती, आणि बाई दर खेपेला गालाला हात लावत होत्या.

चौथ्या खेपेला दवाखान्याच्या दोन्ही भिंती खुर्चीच्या हातांना टेकल्या होत्या.

"आता थांबता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आज कॅप बसवतो. ती पक्की झाली की मुलगी कायमची आत. पण तुम्ही तिच्या आईला खरं सांगितलंत तर हजेरी खोडली जाईल आणि ती आपसूक उठेल. सिमेंट सात मिनिटांत धरतं. तेवढ्यात काय ते करा."

"सांगते," बाई दातांतून म्हणाल्या.

कॅप दाबून बसवली. बाई भिंतीला पाठ घासत, तिरक्या होत बाहेर आल्या. पहिलीच्या मुलांसाठी त्या वाक्यं लहान करत, तसंच त्यांनी हे वाक्य लहान करून ठेवलं होतं. ती आली नव्हती. तीनच शब्द. एवढ्याला एक बोटभर तोंड पुरणार होतं.

कोंडाबाई उठून उभी राहिली.

"बाई, आलीया न्हवं माझी पोर?"

या वेळी बाईंनी गालाला हात लावला नाही. तर्जनी दातांत घालून त्यांनी जबडा उघडला. जीभ उचलली. आत सगळे पाढे थांबले.

"हजर, बाई," दाढेतून बारीक आवाज आला.

कोंडाबाईचा चेहरा सैल झाला. बाईंनी बोट अजून आत सारलं, पण दात बोटावर मिटत गेले.

"बरं," कोंडाबाई म्हणाली. "सुट्टी हुईस्तवर बसते मग."

ती बाकावर बसली. तिनं फडक्याची गाठ सोडली आणि डब्याला हात लावून पाहिला. डबा अजून गरम होता.